डोंगरातली पहिली एमटीबी (माउंटन बाइक) रेस: सातारा-सांगलीकडच्या नवख्या रायडरसाठी

हायवेवर शंभर किलोमीटर सहज मारणारा रायडर डोंगरातल्या पंचेचाळीस किलोमीटरमध्ये कट-ऑफला, म्हणजे ठरवून दिलेल्या वेळेच्या मर्यादेला, बाद होतो, आणि बहुतेक वेळा दोष पायांचा नसतो. कुणी चढाचा हिशेब न मांडता नाव दिलेले असते, कुणाच्या टायरमध्ये चुकीची हवा असते, तर कुणी वीस ग्रॅमचा एक सुटा भाग घरी विसरलेला असतो. हा लेख या तिन्ही गोष्टींसाठी आहे. डोळ्यांसमोर ठेवलेली रेस अशी: एक दिवस, ४० ते ६० किमी, एकूण चढ १,२०० ते १,५०० मीटर, आणि निम्म्याहून जास्त वाट मुरूम, दगड किंवा पायवाटेची.

१. नाव देण्याआधी चढ मोजा

आयोजकाच्या पोस्टरवर किलोमीटर मोठ्या अक्षरांत असतात. तुम्ही शोधायचा तो आकडा म्हणजे एकूण चढ. रूटची जीपीएक्स फाइल (वाटेची डिजिटल नोंद) मिळत असेल तर कुठल्याही मॅप ॲपमध्ये टाकून चढाचा आलेख पाहा. मिळत नसेल तर मागून घ्या.

आकड्याचा अंदाज यावा म्हणून घरचेच माप घ्या. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे आणि कास पठार १,२०० मीटरच्या आसपास. म्हणजे यवतेश्वर घाट चढून कास गाठले की निव्वळ पाचशे मीटर झाले. १,५०० मीटरची रेस म्हणजे हे एका दिवसात तीनदा, तेही डांबर सोडून.

आता स्वतःचा वेग काढा. यवतेश्वर किंवा वाईहून पसरणी घाट एकसारख्या दमाने चढा आणि तासाला किती मीटर उंची मिळते ते घड्याळावर बघा. डांबरावर तासाला ६०० मीटर येत असतील तर मातीवर ४५० धरा.

समजा रेस ४५ किमीची आहे, चढ १,४०० मीटर आणि कट-ऑफ साडेपाच तासांचा. तासाला ४०० मीटरने चढायलाच साडेतीन तास जातात. चढाची वाट १७ किमी धरली तर उरलेले २८ किमी, ताशी १४ च्या सरासरीने, आणखी दोन तास खातात. झाले साडेपाच तास. पंक्चरला, पाणी भरायला, काट्यातून सायकल काढायला एक मिनिटही शिल्लक नाही. हाच रायडर तासाला ५०० मीटर चढू लागला की चढ दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटांत उरकतो आणि हातात चाळीस मिनिटे राहतात. हा हिशेब बसत नसेल तर या वर्षी छोट्या अंतराच्या गटात नाव द्या.

रेसचा प्रकारही बघून घ्या. एक्ससीओ म्हणजे छोट्या लूपवर अनेक फेऱ्या. सायकलिंग फेडरेशनच्या नियमांनी होणाऱ्या एक्ससीओमध्ये पहिल्या रायडरच्या पहिल्या फेरीला लागलेल्या वेळेच्या ८० टक्क्यांहून जास्त मागे पडलेल्यांना मधेच थांबवतात, तेव्हा ‘हळू का होईना, पूर्ण करू’ हा बेत तिथे चालत नाही. एक्ससीएम म्हणजे मॅरेथॉन, लांब पल्ल्याची. नवख्याने सुरुवात इथूनच करावी. बहुदिवसीय रेस, उदाहरणार्थ २००५ साली शिमल्यातून सुरू झालेली एमटीबी हिमालया, एकदोन मॅरेथॉन पूर्ण झाल्याशिवाय डोक्यात आणू नका.

२. कागदपत्रे

- आधार किंवा जन्मतारखेचा दुसरा पुरावा. वयोगट चुकला तर निकाल रद्द होतो.
- नोंदणीकृत डॉक्टरचे फिटनेस प्रमाणपत्र. किती दिवसांच्या आतले हवे ते नियमात बघा. तारीख जुनी निघाली तर बिब (रेसमध्ये लावायचा नंबर) मिळत नाही. सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक तिन्ही हवेत.
- जोखीम-मुक्तिपत्र. सही करण्याआधी एकदा वाचा. १८ वर्षांखालील रायडरसाठी पालकांची सही लागते.
- अपघात विमा. तुमच्या पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले आहेत का ते एजंटला तोंडी न विचारता कागदावर तपासा.
- रक्तगट, ॲलर्जी आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. बिबच्या मागे लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावली तर घामाने पुसली जात नाही.
- राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेला फेडरेशनची नोंदणी लागते, ती राज्य संघटनेमार्फत होते. हे काम दोन महिने आधी सुरू करा.

३. सायकल

महागडी सायकल लागत नाही. पण दुकानात ‘डबल सस्पेन्शन’ म्हणून मिळणारी, मागे साधी स्प्रिंग लावलेली, सतरा-अठरा किलोची सायकल घेऊन येऊ नका. चढावर ती झुलते आणि तुमची ताकद त्या स्प्रिंगमध्ये जिरते. पुढे १०० मिमी दबणारा फोर्क, मागे कडक फ्रेम, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि दुहेरी भिंतीची रिम एवढे पुरे.

*गिअर.* पुढे एकच चक्र असेल तर ३२ दात आणि मागे सर्वांत मोठे किमान ४६, शक्यतो ५०. तुमची सायकल जुनी, पुढे तीन चक्रांची असेल तर लाजू नका, २२ दातांचे छोटे चक्र चढावर सोन्यासारखे आहे.

*टायर आणि हवा.* सगळ्यात जास्त चुका इथे होतात. टायर २.२ ते २.२५ इंच रुंद घ्या. ७० किलोच्या रायडरने ट्यूब असेल तर पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआयपासून (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) सुरुवात करावी, ट्यूबलेस असेल तर पुढे २१ आणि मागे २४. वजनात पाच किलोचा फरक असेल तर एकेक पीएसआय वरखाली करा. ‘पंक्चर नको’ म्हणून ५० पीएसआय भरणाऱ्याची सायकल मुरमावर चेंडूसारखी उडते आणि उतारावर पकडच राहत नाही. उलट ट्यूबमध्ये २० भरलीत तर पहिल्या धारदार दगडावर ट्यूब रिमखाली चिरडते. शेजारीशेजारी दोन छिद्रे दिसली की कारण काटा नव्हता, कमी हवा होती.

आपल्याकडे शक्य असेल तर ट्यूबलेसच करा. माण, खटाव, जतकडच्या माळावर बाभळीचे काटे पावलोपावली आहेत. २९ इंची चाकात १०० ते १२० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला. उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकते, म्हणून रेसच्या दोन आठवडे आधी चाक हलवून आतला खळखळाट ऐका. टायरमध्ये काटा रुतलेला दिसला आणि हवा जात नसेल तर उपटू नका, फिनिशपर्यंत राहू द्या.

सीलंट काट्याचे भोक बुजवते, जांभ्या दगडाने चिरलेली टायरची बाजू नाही. तिथे ट्यूब टाकावी लागते. त्याआधी टायरच्या आतून बोटे हळूच फिरवून सगळे काटे काढा. सहा महिन्यांत दहा-पंधरा काटे आत साठलेले असतात, इतके दिवस सीलंटने ते झाकले होते. हे न केल्यामुळे नवी ट्यूब दोनशे मीटरवर बसते. आणि ट्यूबलेस व्हॉल्व्हची चकती घरी पक्कडीने आवळू नका, डोंगरात ती बोटांनी सुटायला हवी.

बहुतेक चांगल्या एमटीबीला प्रेस्टा, म्हणजे बारीक लांब, व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. पितळी अडॅप्टर अगदी स्वस्त मिळतो, दोन घेऊन ठेवा.

*ब्रेक.* पॅडचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदला. नवे पॅड बसवल्यावर ताशी वीसच्या वेगाने जाऊन, चाक जाम न करता, वीसेक वेळा सायकल जवळजवळ थांबवा. तोवर ब्रेक पूर्ण धरत नाही. रेसच्या सकाळी नवे पॅड टाकणारे पहिल्याच उतारावर सरळ झाडीत जातात. तेल बदलायचे असेल तर लिव्हरवर काय लिहिले आहे ते बघा: शिमानोला मिनरल ऑइल लागते, काही कंपन्यांच्या ब्रेकला डॉट फ्लुइड. एकाचे दुसऱ्यात गेले की सील फुगून ब्रेक संपला. चेनवर स्प्रे मारताना रोटर (ब्रेकची चकती) फडक्याने झाका.

*चेन.* स्टीलची पट्टी घ्या. नव्या चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून चोविसाव्या पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच भरतात. दीड मिलिमीटर जास्त भरले तर ११-१२ स्पीडची चेन बदला, ९-१० स्पीडला सव्वादोन मिलिमीटरपर्यंत चालते. बदल रेसच्या निदान पंधरा दिवस आधी करा. झिजलेल्या कॅसेटवर (मागच्या चक्रांच्या संचावर) नवी चेन चढावर जोर लावला की दात सोडते, आणि हे दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर कळत नाही.

*हँगर.* सुरुवातीला ज्या वीस ग्रॅमच्या भागाचा उल्लेख केला तो हा. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) फ्रेमला ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या कानावर लटकतो तो मुद्दाम नरम केलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून. सायकल उजव्या बाजूला पडली की तो वाकतो. वाकलेल्या हँगरवर सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर चाकाच्या तारांत घुसतो, आणि तिथेच रेस संपते. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, त्यामुळे स्पर्धेच्या ठिकाणी उसना मिळत नाही. सायकल घेतानाच एक जादा मागवून सीटखालच्या पिशवीत टाका. रेसमध्ये उजवीकडे पडलात तर उठल्यावर आधी मागून बघा: डिरेलर चाकाला समांतर आहे ना? नसेल तर सर्वांत मोठ्या चक्रावर जाऊ नका.

*बसण्याची उंची.* टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली नेले की गुडघा सरळ व्हायला हवा, एवढी सीट ठेवा. उतारावर ती दोन-तीन सेंटिमीटर खाली घेता आली तर उत्तम. फोर्कमध्ये हवा भरता येत असेल तर सायकलवर नुसते बसल्यावर तो २० ते २५ मिमी दबेल एवढी ठेवा.

४. सोबत न्यायचे सामान

- एक ट्यूब, ट्यूबलेस असले तरी; ट्यूबलेसला प्लगच्या पट्ट्या आणि टोचणी
- दोन टायर लिव्हर, छोटा हातपंप
- ४, ५, ६ च्या ॲलन की, टी-२५ आणि चेन तोडायचे साधन असलेला मल्टिटूल
- तुमच्या स्पीडची क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) दोन, हँगर एक
- जुन्या टायरचा बोटभर तुकडा, फाटलेल्या बाजूला आतून लावायला
- चार झिप टाय, पंपाभोवती गुंडाळलेली मीटरभर चिकटपट्टी
- बँडेज, गॉज, शिट्टी, फोन, थोडी रोकड

हवा भरायच्या नुसत्या सीओटू काडतुसांवर विसंबू नका. दोन संपली की हात रिकामे. शिवाय ती विमानात नेता येत नाहीत असे धरूनच सामान भरा.

५. बारा आठवडे सराव कुठे आणि कसा

आठवड्यातून चार दिवस पुरतात. एक दिवस छोटा, तीव्र चढ: चार मिनिटे जोरात, चार मिनिटे आराम, असे पाच वेळा. एक दिवस मैदानावर पाऊण तास फक्त तोल आणि वळणे. शनिवारी घाट: वीस-वीस मिनिटांचे दोन-तीन टप्पे, तुटक वाक्ये बोलता येतील एवढ्या दमाने. रविवारी मातीवर लांब राइड, दोन तासांपासून वाढवत चार-साडेचार तासांपर्यंत. दर चौथा आठवडा निम्म्यावर आणा. शेवटचे दहा दिवस कमीच चालवा. त्या दिवसांत नवी ताकद येत नाही, फक्त थकवा येतो.

साताऱ्याच्या लोकांना सगळे दारात आहे. यवतेश्वर लांब दमासाठी, सज्जनगडचा रस्ता तीव्र चढासाठी. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांमधून जाणारे कच्चे रस्ते मुरमावरची पकड शिकायला सर्वांत चांगले, आणि तिथला वारा अहंकारावरही काम करतो. कास मात्र रस्त्यापुरतेच. २०१२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, तिथल्या सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) माती वीतभरही नाही; तिथे चाक घालू नका. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग असते, तेव्हा सकाळी सातच्या आत परत फिरा. कोयना आणि चांदोलीचे जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते, सागरेश्वर हे अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत सायकल घालण्याचा विचारही नको.

सांगली-मिरजेच्या लोकांना लांब चढ नाही. दंडोबाचा डोंगर आहे, तोच पाच-सहा वेळा चढा. कंटाळवाणे आहे, पण उतारही तितक्याच वेळा मिळतो. महिन्यातून दोनदा साताऱ्याच्या घाटाला या. पांदणीतून सराव करताना पाऊस पडून गेलेला असेल तर काळ्या मातीत शिरू नका. ती चाक आणि फ्रेममध्ये गच्च बसते, तशात पेडल मारले की डिरेलर मोडतो. अडकलातच तर चालवू नका, ढकलूही नका. उचलून कोरड्यावर आणा आणि काडीने साफ करा. गाळप हंगामात पहाटे अंधारात निघालात तर उसाच्या ट्रॅक्टरला जोडलेल्या दुसऱ्या ट्रॉलीवर दिवा नसतो हे लक्षात ठेवून चालवा.

धनगरवाड्याजवळ कुत्री अंगावर आली तर पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा. डोंगरात कड्याला आग्या मोहोळ दिसले तर आरडाओरडा आणि धूर दोन्ही टाळा.

दर आठवड्याला दहा मिनिटे सायकल ढकलण्याचा आणि खांद्यावर घेण्याचाही सराव करा, रेसच्या बुटांत. यावर सगळे हसतात. मग रेसच्या दिवशी गुळगुळीत तळाचे बूट ओल्या कातळावर सटकतात.

६. चढ आणि उतार

चढावर सीटच्या पुढच्या टोकावर सरका, छाती खाली आणा, कोपरे आत. पेडल मिनिटाला साठ ते ऐंशी. हलका गिअर चढ सुरू होण्याआधी टाका. जोर लागलेला असताना बदलला की चेन तुटते. वेग ताशी पाचच्या खाली गेला तर उतरून चाला. चालणाराही तेवढ्याच वेगाने जातो आणि त्याच्या मांड्या पुढच्या चढासाठी शिल्लक राहतात.

उतारावर दोन्ही पेडल समपातळीत, टाचा खाली, ढुंगण सीटच्या वर आणि थोडे मागे, कोपरे सैल. ब्रेकवर एकेक बोट, बाकी बोटे हँडलवर. नजर चाकापुढच्या दगडावर नको; दहा-पंधरा मीटर पुढची मोकळी जागा शोधा, कारण जिथे बघाल तिथेच चाक जाते. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. घसाऱ्यावर पुढचा ब्रेक एकदम दाबला तर चाक निसटते, आणि फक्त मागचा दाबत राहिले तर सायकल थांबतच नाही. दोन्ही हळूहळू, एकत्र. वणव्याने गवत जळालेल्या उतारावर दगड सुटे असतात. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ आडवा लागला तर ब्रेक सोडून, हँडल न वळवता, सरळ पार करा.

७. खाणे-पाणी

तासाला ६० ग्रॅम कर्बोदके आणि ५०० ते ७५० मिली पाणी, हे माप धरा. एका केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. उरलेले खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गूळ यांतून भागवा. चिक्की उतारावर चघळू नका. कंदी पेढे फिनिशनंतर. खवा उन्हात आणि दमात पोटात बसून राहतो.

ओआरएसची २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी ओतली तर मळमळ आणि जुलाब ठरलेले. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघून घ्या. चवीच्या गोड पेयाचा इथे उपयोग नाही.

पहिला घास चाळीस मिनिटांच्या आत, भूक लागण्याआधी. त्यानंतर घड्याळात दर वीस मिनिटांनी गजर लावा. सकाळचा नाश्ता स्टार्टच्या अडीच तास आधी: पोहे, उपमा किंवा गूळ-पोळी. मिसळ नाही. सरावात न खाल्लेली एनर्जी जेल रेसमध्ये पहिल्यांदा फोडू नका.

घाम थांबला, अंगावर काटा आला, डोके दुखू लागले तर सावलीत थांबा आणि डोक्यावर पाणी ओता. बोलण्यात गोंधळ होऊ लागला तर रेस तिथेच सोडून मदत मागा.

८. प्रवास आणि आदला दिवस

चाक काढून सायकल नेताना कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या ब्रेकच्या भागात) प्लास्टिकचा तुकडा किंवा दुमडलेला पुठ्ठा घाला. चाक नसताना कुणी लिव्हर दाबला तर पॅड चिकटतात आणि परत रोटर आत जात नाही. सायकल उजव्या बाजूवर आडवी ठेवू नका, हँगरसाठी. रेल्वेने पाठवायची असेल तर पार्सल ऑफिसात आदल्या दिवशी चौकशी करा. दोन-चार मिनिटे थांबणाऱ्या गाडीत सायकल चढेलच असे नाही, त्यापेक्षा गाडी जिथून सुटते त्या स्टेशनवरून बुक केलेली बरी. हिमालयातल्या रेसला जाणार असाल तर दोन-तीन दिवस आधी पोहोचा. शिमलाच २,२०० मीटरच्या आसपास आहे.

आदल्या दिवशी रूटचे शेवटचे पाच किलोमीटर चालवून बघा. थकलेले असताना वळण चुकते ते तिथेच. ब्रीफिंगला उभे राहा आणि बाहेरची मदत कुठे चालते, पाणी कुठे आहे, कट-ऑफ कुठल्या खुणेवर आहे ते लिहून घ्या. मग हँडलवर चिकटपट्टी लावून किलोमीटर आणि कट-ऑफची वेळ मार्करने लिहा.

९. रेसचा दिवस

स्टार्टला पुढच्या रांगेत घुसू नका. पहिली वीस मिनिटे मागे राहिलात तरी चालेल. पहिल्या चढावर धाप लागून थांबलेले पुढे आपोआप सापडतात. पायवाटेवर ओलांडायचे असेल तर आधी ‘उजवीकडून येतोय’ असे सांगा आणि समोरच्याला जागा करू द्या. तुम्हाला कुणी हाक दिली तर पहिल्या रुंद जागी बाजूला व्हा.

चेन तुटली तर तुटलेली कडी काढून क्विक लिंक जोडा आणि एक पेडल जोरात दाबून ती बसवा. डिरेलरच मोडला तर चेन छोटी करून मधल्या एका चक्रावर बसवा. चढ ढकलत जावे लागेल, पण फिनिश गाठता येईल. तार तुटली तर शेजारच्या तारेला गुंडाळा. पडलेला रायडर दिसला तर थांबा, त्याचा बिब नंबर आणि किलोमीटर लक्षात ठेवून पुढच्या चेकपॉइंटला सांगा.

रेस सोडायची झाली तर जवळच्या चेकपॉइंटवर जाऊन बिब दाखवा, नाव नोंदवा आणि वेळ मोजणारी चिप परत करा. न सांगता परस्पर टेम्पोत बसून घरी गेलात तर स्वयंसेवक अंधार पडेपर्यंत तुम्हाला जंगलात शोधत बसतात.

परतल्यावर सायकल वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाखाली धरू नका, बेअरिंगमधले ग्रीस निघून जाते. बादली, ब्रश आणि साधा साबण बास. चेन पुसून वाळवा, तेल घाला, आणि पॅड व हँगर त्याच संध्याकाळी तपासा.